दळणाचा डबा बदलून आला! तुमच्याकडे अशी कोणती वस्तू चुकून येऊन राहिली आहे?

निंबाची सावली (जळगाव) · रविवार, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. आज घरी घडलेला प्रसंग मी सविस्तर लिहिते आहे, कारण त्यात मला तुमची मदतही हवी आहे.

चंपाषष्ठी झाली आणि चातुर्मासात वर्ज्य असलेली वांगी पुन्हा ताटात आली, म्हणून नाशिकच्या नणंदबाई सहकुटुंब भरीत खायला आल्या होत्या. वांगी बामणोदची होती, हिरवी आणि एका हातात न मावणारी. धाकट्या दिरांनी ती अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजली. पाहुण्यांच्या मुलांना पोळ्या लागतात, म्हणून मी काल आठ किलो गहू गिरणीत दिले होते आणि संध्याकाळी मुलगा डबा घेऊनही आला. तसाच उभा स्टीलचा डबा, तशीच कडी, तसेच घट्ट बसणारे झाकण. शंका यावी असे त्यात काहीच नव्हते.

आज सकाळी परातीत पीठ घेऊन पाणी घातले आणि कणीक हळूहळू राखाडी होऊ लागली. प्रथम वाटले की उजेड कमी आहे. गोळा ताणून पाहिला तर तो तुटला. मग चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले, तर ते चक्क खारट लागले, आणि त्यामागून उडदाची ओळखीची चव आली. ते कळण्याचे, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून एकत्र दळलेले पीठ होते! बाहेर वांगी सोलून तयार होती आणि घरात पंधरा माणसे होती. तेव्हा सासूबाईंनी तवा ठेवला, मी थापायला बसले आणि सगळ्यांनी भरिताबरोबर कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. नणंदबाईंच्या धाकट्याने तीन मागून घेतल्या.

संध्याकाळी गिरणीत विचारले, पण आमचा डबा कोणीही परत आणलेला नाही. आमच्याकडे आलेल्या डब्याच्या झाकणावर ‘र. सु. पा., वै. शु. ३, शके १९०७’ अशी अक्षरे आहेत. डब्याच्या अंगावर मात्र काहीच लिहिलेले नाही. आम्ही त्यातले साधारण तीन किलो पीठ वापरले आहे. मालकाचा शोध कसा घ्यावा, आणि वापरलेल्या पिठाची भरपाई कशी करावी, हे कृपया सांगा. तुमच्याकडे चुकून आलेल्या किंवा तुमच्याकडून चुकून गेलेल्या वस्तूंचे अनुभवही जरूर लिहा.

खापर (भुसावळ) · रात्री ९.३२

भरिताला कळण्याच्या भाकरीचीच संगत हवी. ज्याने डबा बदलला त्याने तुमच्या पाहुण्यांवर उपकारच केले, असे मी मनापासून म्हणतो.

टाकीचा आवाज (पाचोरा) · रात्री ९.५०

आमच्या वडिलांची तीस वर्षे गिरणी होती, त्यामुळे या प्रश्नावर अधिकाराने बोलता येईल. डबे आले त्या क्रमाने कोणतीही गिरणी दळत नाही. ज्वारीच्या पाठोपाठ गहू दळला, तर पाळूत, म्हणजे गिरणीच्या दगडांत, राहिलेले ज्वारीचे पीठ गव्हाच्या पहिल्या दोन मुठींत उतरते आणि गिऱ्हाईक लगेच ओळखते. म्हणून आधी सगळे गव्हाचे डबे, मग ज्वारी-बाजरी, आणि कळणा सर्वांत शेवटी, कारण त्यातल्या मिठाचा आणि उडदाचा अंश पुढच्या दळणात गेलेला कोणालाही चालत नाही. पाळूला टाकी लावल्यावर, म्हणजे छिन्नीने दगड खरबरीत केल्यावर, तर वडील पहिले दळण घरचेच टाकत, कारण त्यात कच येते.

या क्रमामुळे डबे जागा बदलतात आणि घोटाळा होतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही धान्यातच नावाची चिठ्ठी टाकत असू. धान्य घशीत ओतताना ती काढायची आणि दळण झाले की पिठावर ठेवून झाकण लावायचे. ताई, डब्यात पिठाच्या थरात चिठ्ठी दडलेली आहे का, हे पाहिलेत का? मुले डबा हलवत नेतात, त्यामुळे चिठ्ठी अनेकदा खाली जाते.

आणखी एक सुचवतो. ज्याच्याकडे तुमचा गहू गेला आहे, त्यालाही आपला कळणा हवाच असणार. तो माणूस गिरणीत येईलच. गिरणीच्या दारावर ‘कळण्याचा डबा आमच्याकडे सुखरूप आहे’ असे पाटीवर लिहून ठेवा.

अठे-तठे (धुळे) · रात्री १०.०५

आमच्याकडे डबा बदलला नव्हता, शब्दाचा अर्थ बदलला होता. माझी भावजय पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शेजारच्या आजी एक मोठा डबा आमच्या ओट्यावर ठेवून म्हणाल्या, “हाऊ डबा मना शे, अठेच राहू दे.” अहिराणीत ‘मना’ म्हणजे ‘माझा’. वहिनींना मात्र वाटले की या डब्याला हात लावायला मना आहे. त्यांनी तो चार दिवस हलवला नाही, झाडताना त्याच्याभोवतीने झाडले आणि भावालाही हात लावू दिला नाही.

डब्यात आजींनी नव्या सुनेसाठी आणलेले तिळाचे लाडू होते. “डबा माझा आहे, रिकामा झाला की इथेच राहू दे, मी येऊन घेऊन जाईन,” एवढेच त्यांना सांगायचे होते. पाचव्या दिवशी डबा न्यायला आलेल्या आजींनी तो भरलेला पाहिला आणि सुनेला लाडू आवडले नाहीत असे समजून त्या हिरमुसल्या. मग उलगडा झाला, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि त्या दिवसापासून आजींनी वहिनींना रोज एक अहिराणी शब्द शिकवायला घेतला. आज वहिनी माझ्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात.

मेहरूणचं बोर (जळगाव) · रात्री १०.२०

डब्याचे सोडा, आमच्या वडिलांनी एकदा नवी पेठेतून दुसऱ्याची स्कूटर घरी आणली होती. तोच राखी रंग, तेच मॉडेल, आणि कुलूप इतके झिजलेले की वडिलांची किल्ली त्यात सहज फिरली. घरी डिकी उघडल्यावर आईला त्यात लहान मुलाचा जेवणाचा डबा आणि औषधाची बाटली दिसली. औषध पाहताच वडील चहाचा घोटही न घेता परत फिरले.

ते गृहस्थ तिथेच आमच्या स्कूटरजवळ उभे होते. आपली किल्ली त्यांनी आमच्या स्कूटरला लावून पाहिली होती, पण ती फिरली नव्हती. त्यांनी रागाचा एक शब्दही काढला नाही. बाटलीवरची वेळ पाहिली, पाऊण तास शिल्लक आहे असे म्हणाले आणि घाईने निघाले. पुढे पंधरा-सोळा वर्षे ते दर पाडव्याला आमच्याकडे येत असत. आज त्यांच्या मुलीची मुले माझ्या मुलांबरोबर शाळेत आहेत.

पूर्णामाई (मुक्ताईनगर) · रात्री १०.२८

महाशिवरात्रीच्या यात्रेत चांगदेवला मंदिराबाहेर माझ्या चपलांपैकी डावी माझी राहिली आणि उजवी दुसऱ्याची आली. दोन्ही तपकिरी, पण त्याची एक बोट मोठी होती. मी तिथेच थांबलो. तासाभराने एक आजोबा एक पाय वाळूवर जपून टेकवत आले आणि आम्ही दोघांनी न बोलता उजव्या चपलांची अदलाबदल केली. अशा वेळी जागा सोडायची नाही, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

आमचूर (नंदुरबार) · रात्री १०.४५

पूर्णामाई, तुमचे खरे आहे. पण गाडीत जागा सोडावीच लागते. माझ्या बहिणीची पिशवी सुरतकडच्या गाडीत बदलली. दोन्ही पिशव्या निळ्या चौकड्यांच्या होत्या. तिच्या पिशवीत आईने दिलेली नंदुरबारची मिरची आणि धडगावकडचा आमचूर होता. हाती आलेल्या पिशवीत निघाले नवे धोतर, दोन पातळे आणि लग्नाच्या पत्रिका. पत्रिकेवर फोन क्रमांक होता म्हणून बरे, नाहीतर कोणाचे तरी लग्नघर पत्रिकांवाचून खोळंबले असते.

त्या कुटुंबाचे गाव व्यारा. मध्यावर भेटू असे ठरले आणि मध्य निघाला नवापूर. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, नवापूरच्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते, आणि तिथे एक बाक असा आहे की त्याचा अर्धा भाग एका राज्यात आणि अर्धा दुसऱ्या राज्यात येतो. बहीण महाराष्ट्राच्या बाजूला बसली, ते काका गुजरातच्या बाजूला बसले. पिशव्या एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायला हातभर सरकवाव्या लागल्या, तेवढ्याच. काकांनी पिशवी उघडून दाखवली. त्यातली मूठभर मिरची त्यांच्या घरी भाजीत पडली होती. त्याबद्दल त्यांनी हात जोडले आणि तिला लग्नाचे आमंत्रण दिले. बहीण जाऊनही आली.

जंक्शन (भुसावळ) · रात्री ११.०२

पिशवीच काय, भुसावळला माणसाची अख्खी गाडी बदलते. माझ्या सासऱ्यांना रावेरला जायचे होते. खंडव्याच्या मार्गाची गाडी सोडून ते नागपूरच्या मार्गावरच्या गाडीत बसले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा पाटीवर मलकापूर होते. रावेरला त्यांची वाट पाहणाऱ्या व्याह्यांनी केळीचे घड उतरवून ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोचले. चुकलेल्या गाड्यांचे अनुभव पुष्कळ आहेत, पण ताईंचा डबा अजून सापडायचा आहे, म्हणून ते स्वतंत्र धाग्यात लिहीन.

सालदार (चोपडा) · सोमवार, सकाळी ७.१०

झाकणावरची तारीख कोणी उलगडलेली दिसत नाही. वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया, आपली अखाजी. शके १९०७ मध्ये ७८ मिळवले की १९८५ साल येते. अखाजी हा साडेतीन मुहूर्तांतला दिवस असल्यामुळे त्या दिवशी लग्ने पुष्कळ होतात. म्हणजे हे भांडे बहुधा १९८५ च्या अखाजीला झालेल्या लग्नातले असावे. दुसरी शक्यता अशी की माहेरी आलेल्या लेकीला त्या दिवशी ते भेट मिळाले असेल. झोके, गाणी आणि माहेरची भांडी असा तो सण असतो. ‘र. सु. पा.’ या अक्षरांवरून आडनाव पाटील असावे असा तर्क करता येईल, पण आपल्या भागात तेवढ्यावरून घर शोधणे म्हणजे तापीच्या पात्रात पडलेला खडा शोधण्यासारखे आहे.

कासारगल्ली (अमळनेर) · सकाळी ८.४०

सालदार यांनी तारीख नेमकी सांगितली. मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधू इच्छितो. आमच्या घरी दोन पिढ्या भांड्यांचा व्यवसाय आहे आणि लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावे टाकणारे कारागीर मी तासन् तास पाहिले आहेत. जुने कारागीर छिन्नी आणि लहान हातोडी वापरत. त्यांच्या अक्षरात टिंबांची रांग दिसते आणि बोट फिरवले की ती जाणवते. नंतर विजेवर चालणारे यंत्र आले, त्याची रेघ सलग आणि किंचित थरथरणारी असते.

मुद्दा असा की नाव टाकताना गिऱ्हाईक आधी भांड्याच्या अंगावर टाकून घेते आणि मग झाकणावर. केवळ झाकणावर नाव आणि अंग कोरे, असे मी फारच क्वचित पाहिले आहे. म्हणून माझा असा अंदाज आहे की हे झाकण मुळात या डब्याचे नाहीच. ताई, कृपया तीन गोष्टी पाहा. अक्षरे टिंबांची आहेत की सलग? झाकणाच्या आणि डब्याच्या पत्र्याची जाडी सारखी आहे का? आणि डबा उलटा करून बुडाशी काही खूण आहे का?

निंबाची सावली (जळगाव) · सकाळी ११.२५

सर्वांचे मनापासून आभार. टाकीचा आवाज, तुमच्या सांगण्यावरून उरलेले पीठ चाळले, पण चिठ्ठी मिळाली नाही. गिरणीच्या दारावर पाटी मात्र लावून आले.

कासारगल्ली, तुमचे निरीक्षण ऐकून घरातले सगळे थक्क झाले. अक्षरे टिंबांची आहेत. झाकणाचा पत्रा जाड आहे आणि डब्याचा पातळ. झाकण घट्ट बसते ते दोन्ही एकमेकांचे आहेत म्हणून नव्हे. आतून दोऱ्याची एक फेरी चिकटवलेली आहे म्हणून. हे आम्हाला आधी दिसलेच नव्हते. आणि डबा उलटा केल्यावर बुडाच्या कडेला नखांना लावतात त्या लाल रंगाचे तीन ठिपके दिसले, एका ओळीत.

बिबडी (यावल) · दुपारी १२.०५

तीन लाल ठिपके! ताई, ही खूण कोणीतरी सप्ताहासाठी किंवा भंडाऱ्यासाठी केलेली आहे. गावजेवणाला घरोघरची पातेली, परात, डबे एकत्र येतात तेव्हा प्रत्येक बाई आपल्या भांड्याला अशी खूण करते. माझ्या आईची खूण दोन ठिपके आणि एक रेघ अशी होती, मावशीची फुली होती. पाटीवर ‘तीन ठिपक्यांचा डबा’ असे लिहा. मालकीण तीच ओळख सांगेल. झाकणावरची अक्षरे तिला ठाऊकही नसतील.

रोट-पुरण (शिरपूर) · दुपारी २.४०

आमच्या घरी हाच प्रसंग आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी घडला होता, आणि तो आठवला की आजही अंगावर काटा येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. आमच्या घरी नैवेद्याच्या रोटांसाठी प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. तेव्हा घरात चौदा माणसे होती. ते गहू वेगळे दळले जातात, त्यांत दुसरे धान्य मिसळत नाही, आणि रोट पौर्णिमेच्या आत घरातच संपवायचे असतात. शनिवारी संध्याकाळी गिरणीतून तोच डबा बदलला.

दीर आणि पुतणे सायकलींवरून गल्लोगल्ली फिरले. रात्री नऊला डबा सापडला तो नुकत्याच राहायला आलेल्या एका कुटुंबाकडे. त्यांना कानबाई ठाऊक नव्हती. त्यांच्या तान्ह्या मुलाला पेज करण्यासाठी त्या बाईंनी दोन मुठी पीठ घेतले होते. आपण काय केले हे समजल्यावर त्या रडू लागल्या, आणि आमच्या घरातही कोणाला काही सुचेना. तेव्हा आजेसासूबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, “लेकरूना पोटमा गयं, ते कानबाईलेच पोचनं.” त्यांनी पुन्हा गहू काढायला लावले, चौदा जणांच्या नावाने नव्याने मोजले आणि त्या लेकराच्या नावाने पंधरावी सव्वा मूठ घातली. रात्री साडेदहाला गिरणीवाल्या भाऊंनी पाळू झाडून घेतली आणि आमच्यासाठी गिरणी पुन्हा सुरू केली. ते बाळ आता अभियांत्रिकीला आहे आणि दर कानबाईला विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे नाचते.

खापर (भुसावळ) · दुपारी ३.००

रोट-पुरण ताई, हे वाचून डोळे भरून आले. आईला मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, पुन्हा वाच.

तिन्ही सांजा (रावेर) · संध्याकाळी ६.१५

भरपाईच्या प्रश्नाकडे सगळ्यांचे दुर्लक्ष झाले आहे. तीन किलो कळणा वापरला असेल तर तीन किलो कळणाच द्यावा, पैसे देऊ नयेत. प्रमाण तीन शेर ज्वारीला एक शेर अख्खे काळे उडीद. खडे मीठ दळतानाच घालावे आणि थोडी मेथीही घालावी.

सालदार (चोपडा) · संध्याकाळी ६.४०

तीनास एक हे प्रमाण मला मान्य नाही. उडीद इतके झाले तर भाकरी थापताना हाताला चिकटते आणि तव्यावर फुगत नाही. आमच्याकडे चारास एकच असते, आणि मेथी अजिबात नाही.

तिन्ही सांजा (रावेर) · संध्याकाळी ६.५५

चिकटते ती पीठ पुरेसे मळले नाही तर. कोमट पाण्याने मळून, तळव्याखाली चांगले रगडून पाहा. चारास एक म्हणजे ज्वारीच्या भाकरीला उडदाचा नुसता वास!

बिबडी (यावल) · संध्याकाळी ७.१०

दोन्ही प्रमाणे त्या त्या घरची आहेत, आणि नेमके म्हणूनच अंदाजाने करून देऊ नये असे मला वाटते. मालकीण सापडली की आधी तिलाच तिचे प्रमाण विचारावे. मात्र एका बाबतीत कोणाचेही दुमत नसावे: डबा रिकामा परत करायचा नाही.

मेहरूणचं बोर (जळगाव) · संध्याकाळी ७.२५

इथे माझे थोडे वेगळे मत आहे. रिकामा डबा परत करू नये ही रीत शेजारणीने प्रेमाने काही पाठवले असेल तेव्हाची. चुकून आलेल्या डब्यात आपण काही भरले, तर समोरच्या माणसाला त्याची परतफेड करावीशी वाटते आणि त्याच्यावर भार पडतो. आधी तिचे होते तेवढे पोचते करावे. गोडधोड पुढच्या भेटीत द्यावे.

अठे-तठे (धुळे) · संध्याकाळी ७.४०

मेहरूणचं बोर, तुमच्या वडिलांकडे ते गृहस्थ पंधरा वर्षे पाडव्याला येत होते, तो भारच होता का? असा भार आमच्यावरही पडावा, असे मला वाटते.

मेहरूणचं बोर (जळगाव) · संध्याकाळी ७.५२

हे मात्र तुम्ही बिनतोड बोललात. माझे मत मी मागे घेतो.

निंबाची सावली (जळगाव) · बुधवार, रात्री ८.३०

मंडळी, मालकीण सापडली!

बिबडी ताईंच्या सांगण्यावरून पाटीवर ‘तीन लाल ठिपक्यांचा डबा’ असे लिहिले, आणि आज दुपारी गिरणीतून निरोप आला. आमच्यापासून तिसऱ्या गल्लीत राहणाऱ्या एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचा नातू पाटी वाचून घरी गेला आणि आजी म्हणाल्या, “ठिपके मीच दिले आहेत.” मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले, तर आमचा डबा त्यांच्या देवघराशेजारी पाटावर ठेवलेला होता. शनिवारी रात्री त्यांनी झाकण उघडले, गव्हाचे पीठ पाहिले आणि लगेच बंद केले. दुसऱ्याचे धान्य म्हणून त्यातले चिमूटभरही त्यांनी घेतले नव्हते. गुडघेदुखीमुळे त्यांना बाहेर पडता येत नाही आणि नातू परीक्षेत गुंतला होता, म्हणून कोणीतरी येईल या भरवशावर त्या चार दिवस थांबल्या होत्या. मला पाहताच त्यांनी काय विचारले असेल? “पाहुण्यांना भाकरी मऊ लागल्या का?” गिरणीतून निरोपासोबत आमची सगळी हकीकत त्यांच्यापर्यंत पोचलेली होती.

भरपाईचे म्हणाल, तर पीठ घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला. शेवटी एवढ्यावर तडजोड झाली की येत्या रविवारी उरलेली वांगी भाजायची आणि आजींनी आमच्याकडे येऊन, बसल्या जागेवरून, मला त्यांच्या हातची भाकरी थापायला शिकवायची. त्यांचे प्रमाणही विचारले. सात शेरांना दोन शेर! तेव्हा तिन्ही सांजा आणि सालदार, आजी तुम्हा दोघांच्या बरोबर मध्ये आहेत.

मात्र कासारगल्ली यांचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला. झाकण आजींचे नाही. साधारण बारा वर्षांपूर्वी एरंडोलच्या बाजूच्या एका गावी, बहिणीच्या घरच्या भंडाऱ्यात त्यांचे झाकण गेले आणि हे आले. दोऱ्याची फेरी त्यांनीच चिकटवली होती. “ज्याचे असेल त्याला दे, माझ्याकडे उगाच राहिले आहे,” असे म्हणून त्यांनी ते माझ्या हातात ठेवले. आजींच्या डब्यावर सध्या आमच्याकडची एक ताटली आहे, आणि ‘र. सु. पा.’ यांचे झाकण माझ्या ओट्यावर आहे.

टाकीचा आवाज (पाचोरा) · रात्री ८.४२

वा! म्हणजे एक डबा पोचला आणि एक झाकण नव्याने निघाले.

केळीची बाग (एरंडोल) · रात्री ९.३५

मी आजवर इथे फक्त वाचत आले, पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या आत्याचे लग्न १९८५ च्या अखाजीला झाले आणि तिच्या सासरची आद्याक्षरे हीच आहेत. संध्याकाळी तिला फोन केला. तिने पुढचे मागचे काही न ऐकता विचारले, “अक्षरे टिंबांची आहेत का? आणि ‘पा’चा काना थोडा वाकडा आहे का?” तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नाव टाकणाऱ्या कारागिराजवळ उभे राहून ती अक्षरे टाकून घेतली होती आणि शेवटच्या कान्याला त्याचा हात हलला होता. तिच्या डब्यावर गेली कित्येक वर्षे एक परके, पातळ झाकण आहे. ते बसत नाही म्हणून ती त्यावर वरवंटा ठेवते. ताई, कृपया काना पाहून सांगाल का?

निंबाची सावली (जळगाव) · रात्री ९.४१

पाहिला. वाकडा आहे! डावीकडे झुकलेला, आणि खालची दोन टिंबे एकमेकांवर पडलेली. शनिवारी मी स्वतः एरंडोलला येते आणि परत येताना आजींचे पातळ झाकण घेऊन येते. आता एकच प्रश्न उरला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे ठरले, पण झाकण परत करताना काय करायचे?

बिबडी (यावल) · रात्री ९.४८

झाकण उलटे धरले की तेही भांडेच. त्यात बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, ठेवा, वरून रुमाल बांधा.

केळीची बाग (एरंडोल) · रात्री ९.५५

आत्याला फोनवर वाचून दाखवले. ती म्हणते, बिबडे चालतील, पण आजींनाही सोबत आणा. जागा मागे टेकायची आहे आणि जिना नाही.